संत्र्याच्या कलमा घरी आल्या आणि खड्ड्यात पाणी भरलंय? लावेपर्यंत त्या अशा सांभाळा

दरवर्षी जुलै लागला की मला ओळखीच्या कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, की ताई कलमा तर आल्या, टेम्पोवाला अंगणात टाकून गेला, आणि इकडे चार दिवसांपासून झड लागलीय, खड्डे तुडुंब भरलेत, आता काय करू, तशाच लावून टाकू का. नागपुरात राहणाऱ्या आणि काटोल, कळमेश्वर, सावनेरकडं दोन-चार एकर घेतलेल्या किंवा वडिलांचं वावर आता स्वतः बघायला लागलेल्या लोकांना हा प्रश्न पहिल्याच वर्षी पडतो. त्यांच्यासाठीच एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय. लावून टाकू नका. कलम थांबू शकते, पण तिची मुळं सुकायला नको आणि गुदमरायलाही नको. आता हे दोन्ही कसं सांभाळायचं ते बघू.

आधी उघड्या मुळांची कलम म्हणजे काय ते. आपल्याकडं वरूड, शेंदुरजनाघाट या पट्ट्यात जमिनीतल्या वाफ्यांवर जंबेरी किंवा रंगपूर लिंबाची रोपं वाढवतात, त्याला खुंट म्हणतात, त्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटणारी कळी, भरतात, तो जिथं जुळतो त्या जागेला जोड म्हणतात, डोळा फुटून काडी चांगली वाढली की अख्खं रोप खोदून काढतात, माती झटकतात आणि मोकळ्या मुळांसकट जुड्या बांधून देतात. पिशवी नाही, मातीची गड्डी नाही. त्यामुळं कलम स्वस्त पडते, एका टेम्पोत शेकड्यांनी येते, आणि मुळं डोळ्यांनी बघून घेता येतात हा मोठाच फायदा. तोटा असा की खोदताना निम्म्याहून जास्त बारीक मुळं जमिनीतच राहून जातात आणि उरलेली उघडी पडतात.

थंड प्रदेशातली सफरचंद, पीच वगैरे झाडं हिवाळ्यात पानं गाळून झोपलेली असतात, तेव्हा खोदली तर ती कित्येक आठवडे तशी ठेवता येतात. संत्रा झोपत नाही. त्याच्या अंगावर बारा महिने पानं असतात आणि ती पानं सतत पाणी उडवत असतात, मुळं जमिनीत असोत नाहीतर नसोत. म्हणून बाहेरच्या व्हिडिओत कोणी महिनाभर झाडं ठेवून दाखवतोय ते बघून आपल्या संत्र्याला तोच हिशोब लावू नका. संत्र्याच्या कलमेसाठी आठवडाभर हा सुरक्षित काळ समजा, नीट काळजी घेतली तर पंधरा दिवस, त्याच्यापुढं दुसरा उपाय करावा लागतो, तो खाली सांगते.

आमचं पहिलं वर्ष सांगते, कारण मी जे काही शिकले ते तिथंच. दोन एकर वावर, सहा बाय सहा मीटरवर खड्डे, म्हणजे एकराला साधारण ११० झाडं, नांग्या, म्हणजे मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा, भरायला वरच्या काही धरून २४० कलमा आणल्या. रात्री आल्या आणि पहाटेपासून झड. नऊ दिवस सूर्य दिसला नाही. आमची जमीन काळी, भारी, खड्ड्यातलं पाणी हटेना. कोणीतरी सांगितलं म्हणून मी बऱ्याचशा जुड्या गोठ्याजवळच्या सिमेंटच्या टाक्यात मुळं बुडवून उभ्या केल्या, आणि पाऊस जरा थांबला की काही तशाच चिखलात लावत गेले. आमचे सालदार, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, ते म्हणाले, "पान्यात नोका ठेवू ताई, मुळाले बी हवा लागते." मी ऐकलं नाही. त्यांनी गुपचूप तीन जुड्या उचलल्या आणि घराच्या बांधकामाची उरलेली वाळू चिंचेखाली पडली होती त्यात सोडून सोडून दाबल्या.

पाचव्या दिवशी टाक्याला वास यायला लागला. एक कलम बाहेर काढली, मूळ दोन बोटांत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी अख्खी निघून हातात आली आणि आत पांढरी काडी राहिली. पानं तोपर्यंत हिरवीच होती, म्हणून मला वाटत होतं सगळं ठीक चाललंय. टाक्यातल्या आणि चिखलात लावलेल्या कलमांपैकी फार थोड्या जगल्या, मामांच्या वाळूतल्या मात्र दोन-तीन सोडून सगळ्या लागल्या, आज त्याच झाडांना फळं आहेत. त्या वर्षानंतर मी कलमा यायच्या आधी वाळू आणून ठेवते.

तर आता क्रमानं.

कलमा बोलवायच्या आधी

खड्डे उन्हाळ्यातच व्हायला हवेत, एप्रिल-मे मध्ये, पाऊण मीटर लांब, तेवढेच रुंद, तेवढेच खोल, म्हणजे ऊन चांगलं खातात. पावसाळ्याच्या तोंडावर माती, कुजलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड घालून जमिनीपेक्षा चार बोटं उंच भरून घ्या, कारण भर पावसात खाली बसते आणि बसलेल्या खळग्यात पाणी साचतं. निम्म्या लोकांची अडचण इथूनच सुरू होते, कलमा दारात आणि खड्डे अजून रिकामे.

मृग लागला म्हणजे कलमा आणायच्या असं करू नका. मृग ७-८ जूनला लागतं, मान्सून नागपुरात साधारण जूनच्या मध्याला येतो, आणि पहिल्या पावसानंतर बरेचदा मोठा खंड पडतो. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन खोलवर ओली झाली की मगच ऑर्डर द्या. आमच्याकडं जुनी माणसं पुनर्वसू-पुष्य ही नक्षत्रं धरतात, म्हणजे जुलैचा पहिला आठवडा ते महिनाअखेर, आणि मला तोच काळ पटतो.

आणि ऑर्डर देतानाच कलमा ठेवायची जागा तयार करा. लोक कलमा आल्यावर जागा शोधायला लागतात, तोवर जुड्या अंगणात पडून असतात.

जागा कुठली

सावलीची, उंचावरची, जिथं पाणी थांबत नाही अशी. घराची किंवा गोठ्याची पूर्वेकडची भिंत बरी, दुपारनंतरचं ऊन लागत नाही. पन्हाळीचं पाणी जिथं पडतं ती जागा सोडा. आंबा-चिंचेची सावली चालते, पण जुन्या संत्र्याच्या बागेत, संत्र्याच्या झाडाखाली कधीच ठेवू नका. डिंक्या (बुंध्यातून डिंक गळणारा रोग) आणि मूळकूज करणारी फायटोप्थोरा बुरशी मातीत असते आणि तिचे बीजाणू पाण्यातून पोहत जातात, खोदताना मुळांना झालेल्या जखमा म्हणजे तिला उघडं दार. जिथं आधी डिंक्याचं झाड होतं तिथली मातीही वापरायची नाही.

शेळ्यांचा बंदोबस्त आधी करा. कोवळी संत्र्याची पानं शेळीला फार आवडतात आणि एका दुपारी ती सगळ्या कलमा बोडक्या करते, हे माझ्या शेजाऱ्यांकडं झालंय.

सावलीला हिरवी जाळी असेल तर उत्तम, नसेल तर तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा (तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा) मांडव घाला, तेवढा पुरतो. वरून ताडपत्री नुसती टाकून गुंडाळू नका. ताडपत्रीखाली ऊन पडलं की आत वाफ धरते आणि कलमा शिजतात, शब्दशः शिजतात, पानं काळी पडून गळतात.

गाडीतून उतरल्यावरचा पहिला तास

बारीक पांढरी मुळं, काडेपेटीच्या काडीपेक्षाही बारीक असतात ती, पाणी हीच ओढतात. वाऱ्यात आणि उन्हात ती काही मिनिटांत सुकतात आणि एकदा सुकली की पाणी मारून परत जिवंत होत नाहीत. जाड मुळं त्यानंतरही ओली, चांगली दिसतात म्हणून माणूस फसतो. म्हणून कलमा रात्री किंवा पहाटे आणायच्या, बंद किंवा नीट झाकलेल्या गाडीतून, मुळांना ओलं पोतं गुंडाळून. कारच्या कॅरिअरवर बांधून उघड्या आणल्या तर रस्त्याच्या वाऱ्यानंच अर्धं काम तमाम होतं.

उतरवल्या की लगेच सावलीत घ्या आणि मुळांवर ओली पोती टाका. पोतं म्हणजे तागाचा बारदाना, सिमेंटची प्लास्टिकची गोणी नाही, ती पाणी धरत नाही. मग एकेक जुडी सोडून बघा, बाकीच्या झाकलेल्याच राहू द्या.

बघायचं काय? खोडाची साल नखानं जरा खरवडा, खाली हिरवं आणि ओलसर असेल तर कलम जिवंत, तपकिरी कोरडं असेल तर बाजूला काढा. मूळ वाकवून बघा, जिवंत मूळ वाकतं, सुकलेलं कटकन मोडतं. मूळ काळं, लिबलिबीत, वास येणारं असेल, किंवा जोडाजवळ डिंक दिसत असेल तर ती कलम ठेवूच नका, स्वस्तात दिली तरी नको, कारण ती बाकीच्यांनाही रोग लावते. डोळा जमिनीपासून वीतभर उंचीवर भरलेला असावा, अगदी बुडाशी भरलेला असेल तर पुढं मातीचा ओलावा सतत जोडाला लागतो आणि डिंक्या येतो. बुंध्याला गाठी किंवा सोटमूळ गोल वळलेलं असेल तीही नको. ही छाननी करायला कंटाळा करू नका, २०० कलमांतल्या दहा-पंधरा तरी निघतात.

मोडलेली, चिरलेली मुळं धारदार कात्रीनं स्वच्छ कापा. फक्त तेवढीच. लांब आहेत म्हणून चांगली मुळं छाटायची घाई आता नको.

पानं मात्र कमी करायची. लोकांना हे करवत नाही, हिरवीगार पानं कापायला जीव होत नाही, पण मुळं निम्मी राहिली आणि पानं पूर्ण ठेवली तर ती पानं खोडातलं पाणी ओढून घेतात. खालची पानं काढून टाका, वरची कात्रीनं अर्धी अर्धी कापा. कोवळी लालसर-पोपटी फूट असेल तर ती खुडूनच टाका, ती तशीही माना टाकणार.

पाजणं आणि औषध

आल्या आल्या कलमांना पाणी पाजायचं, म्हणजे मुळं तास-दोन तास स्वच्छ पाण्यात ठेवायची. जोड पाण्यात बुडवायचा नाही, फक्त मुळं. दोन तास पुरे. माझ्यासारखं दिवसचे दिवस ठेवलं तर काय होतं ते वर सांगितलंच, साचलेल्या पाण्यातली हवा संपते, मुळं श्वास घेऊ शकत नाहीत आणि कुजतात.

मग औषधात बुडवायच्या. संत्र्याला नेहमी सांगतात ते मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेब या बुरशीनाशकांचं तयार मिश्रण लिटरला साधारण अडीच ग्रॅम, त्यात कार्बेन्डाझिम १ ग्रॅम, मुळं १०-१५ मिनिटं. पुडीवर लिहिलेलं वाचून घ्या, हातमोजे घाला, आणि उरलेलं पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका. ज्यांना ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) वापरायचाय त्यांनी याच दिवशी नाही वापरायचा, कार्बेन्डाझिम त्याला मारून टाकतं, तो नंतर लावताना शेणखतातून द्या.

चर आणि वाळू

आता कलमा दाबून ठेवायच्या. फूटभर ते सव्वा फूट खोल चर खोदा, एक बाजू सरळ आणि दुसरी तिरपी. १०० कलमांना पाच-सहा मीटर लांबी पुरते. चराच्या खालच्या टोकाला पाणी निघून जायला छोटी वाट ठेवा, हे विसरलात तर तुम्ही कलमांसाठी टाकंच बांधलं असं समजा.

आपली काळी माती या कामाला बरी नाही. ओली असली की मुळांना लोण्यासारखी चिकटून हवा बंद करते आणि दोन दिवस ऊन पडलं की भेगाळते, त्या भेगेतून वारा आत जाऊन मुळं सुकवतो. जाडसर नदीची वाळू घ्या, नागपूरकडं कन्हानची वाळू मिळते ती छान, त्यात थोडं भिजवलेलं कोकोपीट किंवा चाळलेलं जुनं शेणखत मिसळलं तर ओल जास्त टिकते. मी तीन घमेली वाळूला एक घमेलं कोकोपीट घेते. आरागिरणीवरचा भुसा चालतो, पण जुना, ताजा भुसा ओला होऊन तापतो.

तळाशी चार बोटं ओली वाळू, मग कलमा तिरप्या बाजूवर एकाशेजारी एक निजवायच्या, दोन कलमांत तीन-चार बोटांचं अंतर. शेंडे पश्चिमेकडं झुकलेले ठेवले तर संध्याकाळचं उतरतं ऊन खोडाच्या लांबीवर सरळ पडत नाही. आणि जुडी सोडायचीच. मी पाहिलेल्या चुकांमध्ये ही सगळ्यात जास्त वेळा होते, पंचवीसची जुडी आहे तशी सुतळीसकट पुरतात, बाहेरच्या कलमांना वाळू लागते आणि मधल्या दहा-बारा कलमांची मुळं आत पोकळीत लटकत राहतात. लावायच्या दिवशी जुडी उघडली की मधल्या वाळलेल्या.

मुळांवर वाळू टाकताना थोडी टाका, हातानं मुळांच्या मधे सारा, झारीनं पाणी सोडा, वाळू बसली की परत टाका. पायानं तुडवू नका, बारीक मुळं तुटतात. मुळं पूर्ण झाकली जावीत पण जोड कमीत कमी चार बोटं वाळूच्या वर दिसला पाहिजे. जोडाची बाजू ओल्या वाळूत दाबली गेली तर तिथं कूज सुरू होते, आणि वरच्या संत्र्याच्या काडीला स्वतःची मुळं फुटायला लागली तर रोगाला दाद न देणारा खुंट घेऊन काय उपयोग.

दोन वेगळ्या ठिकाणच्या किंवा वेगळ्या खुंटाच्या कलमा असतील तर पाटी लावा, जंबेरी इकडं, रंगपूर तिकडं. आठ दिवसांनी सगळ्या सारख्याच दिसतात.

रोजचं लक्ष

सकाळी उठून चहाच्या आधी चराजवळ जायचं आणि बोट दोन पेरं वाळूत घालायचं. बोटाला गार ओल लागली आणि वाळूचे चार कण चिकटले तर पाणी नको. कोरडं लागलं तर झारीनं पाणी. चिळकांडी उडाली तर पाणी जास्त झालंय, निचऱ्याची वाट तुंबलीय का बघा. घड्याळ लावून रोज पाणी घालणारे लोक झडीत कलमा बुडवतात आणि उघाड पडली की तेवढंच पाणी घालून सुकवतात.

उघाड पडली आणि ऊन कडक निघालं तर पानांवर सकाळ-दुपार पंपानं बारीक फवारा मारा, फक्त साध्या पाण्याचा. खत, युरिया, टॉनिक काही नको. दुकानात कोणी ना कोणी देतोच मुळं वाढवायचं औषध म्हणून, पण जखमी मुळांना खताची आग सोसत नाही.

झड असेल तर वरून ताडपत्री, पण मांडवावर, कलमांपासून हातभर उंच, बाजू उघड्या. उदई (वाळवी) लागलीय का तेही बघत जा, भुसा आणि तनिस (भाताचा पेंढा) वापरलं असेल तर ती येते, मातीच्या बारीक नळ्या दिसल्या की वाळू हलवून घ्या.

आठ-दहा दिवसांत वाळूत हात घातला तर नवी पांढरी टोकं दिसू शकतात, तांदळाच्या कणीएवढी. हे बघून फार आनंद होतो, मला अजूनही होतो, पण याचा अर्थ आता वेळ कमी आहे. ही टोकं अगदी ठिसूळ असतात, जितकी वाढतील तितकी उपटताना तुटतील.

पंधरा दिवस झाले आणि जमीन अजून तयार नाही, तर चरात वाट बघत बसू नका. बारा इंच खोलीच्या काळ्या पिशव्या आणा, खाली भोकं असलेल्या, माती-वाळू-शेणखत सारखं घ्या आणि कलमा पिशवीत लावा. पिशवीतली कलम सावलीत दोन-अडीच महिने मजेत राहते आणि सप्टेंबरमध्ये पाऊस कमी झाला की गड्डीसकट लावता येते. थोडा खर्च येतो, पण झाडं वाचतात.

लावायची वेळ आली हे कसं ओळखायचं

वाफसा. शेतकऱ्याच्या घरचे असाल तर शब्द माहीत असेल, नसेल तर सांगते, जमिनीत ओल आहे आणि हवाही आहे, चालताना चिखल पायाला येत नाही अशी स्थिती. खड्ड्याच्या आत वीतभर खालची मूठभर माती घ्या, दाबून लाडू करा, कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून तुकडे झाले तर वाफसा आहे. लाडू तसाच चपटा होऊन पडला किंवा दाबताना बोटांवर चकाकी आली तर दोन दिवस थांबा. मामा म्हणतात, "वाफसा येऊ द्या, मंग लावा, झाड कुठं पळून नाही चाललं." शिवाय खड्ड्यात एक बादली पाणी ओता, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जिरलं नसेल तर तो खड्डा यावर्षी लावायच्या लायकीचा नाही, आधी उताराला चर काढून पाणी बाहेर काढा. ज्यांची जमीन फारच चोपण (खारवट, पाणी न जिरणारी) किंवा खोलगट आहे त्यांनी खड्ड्याऐवजी उंच गादीवाफे करून त्यावर लावावं, हे माझं स्पष्ट मत आहे.

दिवस ढगाळ घ्या, किंवा चार वाजेनंतर सुरू करा. उघाड पडलीय, हवामान खात्याचा अंदाजही कोरडा आहे आणि ठिबक अजून चालू झालेलं नाही अशा वेळी वाफसा असला तरी लावू नका, चरातली सावली तिच्यासाठी जास्त बरी.

काढताना आदल्या रात्री चराला पाणी द्या, म्हणजे वाळू सैल होते. सकाळी वाळू हातानं बाजूला सारून कलम उचला, खोडाला धरून उपटायची नाही. एका वेळी वीसेकच काढा, मुळं पातळ चिखलात बुडवा, ओल्या पोत्यात गुंडाळा आणि वावरात न्या. हा चिखल निरोगी जागेच्या मातीचा, ताकापेक्षा जरा घट्ट, त्यात ताजं शेण नको. एक माणूस खड्ड्यात, एक माणूस पोत्याजवळ, आणि पोतं लगेच परत झाकायचं. सगळ्या कलमा एकदम काढून धुऱ्यावर (बांधावर) मांडून ठेवल्या तर आठ दिवसांची मेहनत अर्ध्या तासात जाते.

लावल्यावर जोड जमिनीच्या वर वीतभर राहिला पाहिजे, आळं गोल करा पण पाणी बुंध्याला टेकायला नको, बुंध्याजवळ मातीचा छोटा उंचवटा द्या. आधाराला काठी, आणि बुंध्याला बोर्डो पेस्ट, म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडी भांडं नाही. ५०-६० झाडांना एवढं लागत नाही, त्याच प्रमाणात कमी करा.

शहरातल्यांसाठी थोडंसं

काही जणांकडं वावर नाही, गच्ची किंवा घरामागं जागा आहे, आणि ते हिवाळ्यात कुरिअरनं सफरचंदाची रोपं मागवतात. हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांची एचआरएमएन-९९ ही कमी थंडीवर येणारी जात गाजलीय, त्यांना २०२५ मध्ये पद्मश्रीही मिळाली, तिची रोपं डिसेंबर-जानेवारीत उघड्या मुळांनी येतात. ही खरंच झोपलेली असतात, पानं नसतात, त्यामुळं नुसती काडी आली म्हणून घाबरू नका. कुंडी तयार नसेल तर मुळांना पिळलेल्या फडक्याइतकं ओलं कोकोपीट लावा, प्लास्टिकच्या पिशवीत सैल गुंडाळा आणि फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, दोन-तीन आठवडे राहतात. फक्त त्याच कप्प्यात पिकलेली फळं, विशेषतः सफरचंद आणि केळी ठेवू नका, त्यांच्यातून इथिलीन वायू निघतो आणि रोपाच्या डोळ्यांना मारतो. फेब्रुवारीत आपल्याकडं दुपार तापायला लागते, त्याच्या आत लावून मोकळे व्हा. संत्र्याची कलम मात्र फ्रीजमध्ये ठेवायची नाही, तिला पानं आहेत.

आणि ज्यांना ही सगळी धावपळ झेपणार नाही, म्हणजे रविवारीच वावरात जाता येतं, सालदार नाही, त्यांनी उघड्या मुळांच्या कलमा घेऊच नयेत. पिशवीतल्या घ्या. नागपुरात अमरावती रोडला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, १९८५ पासूनची, तिथले शास्त्रज्ञ पिशवीत वाढवलेल्या रोगमुक्त कलमांचाच आग्रह धरतात, कारण वाफ्यातल्या मातीबरोबर फायटोप्थोरा येण्याचा धोका तिथं कमी होतो. महाग असतात, पण पाऊस महिनाभर लांबला तरी त्या सावलीत उभ्या राहतात आणि तुमचा जीव टांगणीला लागत नाही.

लावून झाल्यावर दहा-वीस कलमा उरतातच, उरल्या नाहीत तर मुद्दाम उरवा. त्या कोणाला देऊन टाकू नका, पिशव्यांत लावून त्याच मांडवाखाली ठेवा. महिन्याभरानं वावरात फिरा, जिथं नवी फूट दिसत नाही तिथं खोड नखानं खरवडून बघा, हिरवं असेल तर अजून पंधरा दिवस द्या, कोरडं असेल तर खूण म्हणून काठीला फडकं बांधा. पोळ्यानंतर पाऊस ओसरला की या पिशवीतल्या कलमांनी तेवढ्या नांग्या भरायच्या, म्हणजे सगळी बाग एकाच वर्षाची राहते.